तळहाताएवढं रबर

टिपणीसकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. टायरकडे बघून बोलतात. आम्ही कॅसल हिलला राहायला आलो त्या दिवशी, शेजारी मराठी माणूस आहे या आनंदात मी गाडीतून उतरून "नमस्कार" म्हणाले, तर हे गृहस्थ माझ्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. टायरच्या खाचेत करंगळी घालून त्यांनी डोळे मिटले, वैद्यबुवांनी नाडी बघावी तसे, आणि वर न बघताच म्हणाले, "राउंडअबाउटला फार घाई करतेस."

मला राग आला. जास्त राग याचा आला की ते खरं होतं आणि माझा नवरा निखिल ते ऐकून अंगणातच हसायला लागला. तेव्हापासून काकांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं, म्हणजे निदान आमच्या गाडीखाली तरी. आमची इरा खिडकीतून बघते आणि शांतपणे बातमी देते, "मम्मा, अंकल इज अंडर अवर कार अगेन."

काका मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर. सगळी नोकरी पाण्याच्या पंपांवर केली, इकडे येऊनही पंपच. टायरशी त्यांचा धंद्याचा काडीचा संबंध नाही. पण विषय निघाला, किंवा न निघाला, तरी उजवा हात पुढे करून पंजा उघडून दाखवतात. "एवढीशी गाडी रस्त्याला टेकते. तळहाताएवढं रबर! चार चाकांचे चार तळहात. बाकी सगळी हौस." या 'बाकी सगळी हौस'मध्ये इंजिन, सनरूफ, लेदरच्या सीटा आणि निखिलचा पगार असं सगळं येतं.

मंडळाच्या गणपतीला ते आधी पार्किंगचं दर्शन घेतात आणि मग देवाचं. आरतीला उभे राहतात तेव्हा बोटं काळी असतात, आणि त्याच बोटांनी सगळ्यांना प्रसाद देतात. एका वर्षी छोट्या मुलींचं नृत्य ऐन रंगात आलेलं असताना माइकवरून घोषणा झाली की पांढऱ्या गाडीच्या मालकांनी घरी सावकाश जावं, मागच्या टायरची तार दिसते आहे. पांढऱ्या गाड्या निम्म्या सभागृहाच्या होत्या. सगळे उठून बाहेर गेले आणि मुली रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचल्या.

इथवर ठीक होतं. असे विक्षिप्त लोक प्रत्येक मंडळात असतात. पण जून आला, म्हणजे इकडचा हिवाळा, आणि मला काकांची खरी काळजी वाटायला लागली. वटपौर्णिमेला बायकांचे कुंडीतल्या वडाला दोरा गुंडाळतानाचे फोटो व्हॉट्सॲपवर येत होते, आणि काका ड्राइव्हवेवर जॅक लावून गाडीला बर्फाचे टायर चढवत होते. चारी. कॅसल हिलमध्ये. इथे हिवाळ्यात दुपारी लोक हाफ पँटवर गवत कापतात.

"काका, इथे कुठे बर्फ?"

"रबराला स्वभाव असतो," काका पाना फिरवत म्हणाले. "साधं रबर थंडीत ताठतं, म्हणजे कोणाशी जमवून घेत नाही. हे बघ, हे मऊ राहतं. आणि ही खूण बघ." टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी होती. "ही खूण असेल तरच बर्फाचा टायर. दुकानदार नुसती अक्षरं दाखवतात, चिखल आणि बर्फ, दोन्ही चालेल म्हणून. असा दोन्हीकडून बोलणारा टायर घ्यायचा नाही."

"आणि चारी कशाला? पुढचे दोन पुरे नाहीत?"

काकांनी पाना खाली ठेवला. माझ्या अडाणीपणाने त्यांना खरंच दुःख झालं होतं. "पुढचे थांबतील गं. मागचे थांबणार नाहीत. मग गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. अर्धी तयारी ही तयारी नसण्यापेक्षा वाईट."

समोरचा ग्रेग कुत्रा फिरवताना थांबला आणि म्हणाला, "एक्स्पेक्टिंग स्नो, मेट?" काका म्हणाले, "यू नेव्हर नो." त्या टायरांवर ती गाडी वाण्याकडे जाते, हॅरिस पार्कला मिठाई आणायला जाते, आणि येताना घोंघावत येते. बर्फाकडे मात्र कधीच जात नाही. हे दर वर्षीचं आहे असं ग्रेगनेच मला सांगितलं.

त्याच वर्षी निखिलने फोर व्हील ड्राइव्ह घेतली आणि शाळेच्या सुट्टीत बर्फात जायचं ठरवलं. गाडी दाखवायला काकांना बोलावलं. काका एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "छान आहे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पळवते. थांबवत नाही. थांबवतं कोण?" आणि पंजा उघडला.

पण डोंगरावर काही लाड चालत नाहीत, निदान चाकाला बांधायची साखळी तरी बरोबर न्यायची, असं त्यांनी फर्मान काढलं. नुसती न्यायची नाही, बांधता आली पाहिजे. शनिवारी सकाळी लख्ख उन्हात निखिल लॉनवर गुडघे टेकून साखळी बांधायला बसला. काकांनी त्याला रेनकोट आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायला लावले आणि बागेचा पाइप त्याच्यावर सोडला.

"काका, पाणी कशाला!"

"बर्फात कोरड्या हातांनी बांधायला मिळेल असं वाटलं का तुला? बांध. कडी मागून घे. मागून!"

इराने व्हिडिओ काढला. ग्रेगने खुर्ची आणून मांडली. निखिल दोन दिवस शिंकत होता. पण मला हेही सांगितलं पाहिजे, की आठवड्याने डोंगराच्या रस्त्यावर हिमवादळात सगळ्यांना साखळ्या बांधायला लावल्या तेव्हा बाकीचे लोक सूचनांची पत्रकं उलटीसुलटी करत होते, आणि माझा नवरा कडी मागून घेऊन मोकळा झाला होता. त्या दिवशी काकांना मी मनातून नमस्कार केला.

परत आलो तर काका फाटकातच उभे. साखळी कशी बसली, ते त्यांनी दोनदा विचारलं. मग आमच्या टायरवरची वाळलेली मातीबिती बघत म्हणाले, "तिकडे ते लाल जाकीटवाले असतात. मदतीला. दिसले का कोणी?"

"होते की बरेच."

"त्यात एखादी मुलगी होती का आपल्यातली? जरा सावळी. उंच."

मला काही कळेना. मी त्यांना आत बोलावून चहा दिला, आणि मग टायरांचा उलगडा झाला.

काकांना मुलगी आहे, मुग्धा. शहरात चांगली अकाउंटंट होती. एक दिवस नोकरी सोडून बर्फाच्या डोंगराखालच्या जिंडाबाईन गावाला गेली आणि बर्फात पडलेल्या लोकांना उचलून आणायचं काम करायला लागली. काका काय काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण ओठ घट्ट मिटले त्यावरून अंदाज आला. नीलाकाकू होत्या तोवर दोघांचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. बाबा विचारतायत जेवलीस का. सांग त्यांना जेवले. मग काकू गेल्या, आणि मधलं माणूसच उरलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात काका मुलीला घरी परत आणायला निघाले. न सांगता, आणि साध्या टायरवर. डोंगराच्या पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी घसरून कडेच्या चरात गेली, आणि मदतीला जी गाडी आली तिच्यातून मुग्धाच उतरली.

"ओरडली का?"

"नाही. रडली. मग दोर बांधून मला ओढून काढलं. आणि म्हणाली, 'बाबा, नेक्स्ट टाइम मी बोलावल्यावर ये. अँड प्लीज, धड टायर घालून ये.'"

काका चहाच्या कपाकडे बघत होते. "टायर घेतले मी. लगेच."

आणि दर वटपौर्णिमेला ते टायर चढवून हा माणूस वाट बघतो. बोलावणं कुठल्याही दिवशी येईल, आणि त्या दिवशी टायर बदलण्यात वेळ जायला नको. यू नेव्हर नो.

"अहो, पण उठून जा ना सरळ! मुलीकडे जायला बोलावणं कसलं?" मी चिडूनच म्हणाले.

"टायरचं ऐकायचं आणि बोलावण्याचं नाही ऐकायचं? म्हणजे पुढचे दोन बर्फाचे आणि मागचे दोन साधे असं झालं की गं."

"मग निदान टायर घेतल्याचं तरी सांगा तिला."

"ते सांगणं म्हणजे बोलाव असं सांगणंच की."

रविवारी दोघं फोनवर बोलतात. मी एकदा त्यांच्याकडे असतानाच फोन आला. "किती डिग्री?" काकांनी विचारलं. तिने सांगितलं. "इकडे सोळा." मग, "वारं आहे?" मग बराच वेळ वारं. फोन ठेवल्यावर त्यांनी गाडीच्या किल्ल्या पुन्हा खुंटीला लावल्या. त्या त्यांनी हातात कधी घेतल्या होत्या ते मला दिसलंही नव्हतं.

तो हिवाळा तसाच गेला. आपल्या दसऱ्याला इकडे बर्फ संपत आलेला असतो. काका त्या दिवशी टायर उतरवतात, साबणाने धुतात, ओळीने मांडून कुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि गॅरेजमध्ये चादरीखाली झाकून टाकतात. एरवी हसून लोटपोट झाले असते, पण त्या वर्षी मीही जाऊन हळद वाहिली. अख्खा हिवाळा जाऊनही त्या टायरांनी बर्फ बघितला नव्हता.

आणि बोलावणं आलं जानेवारीत.

बाहेर डांबर वितळायचं बाकी होतं. मी एसी लावून कामाच्या मीटिंगमध्ये बसले होते, तर खिडकीतून काका दिसले. गाडीची चारी दारं उघडी आणि हे एकेक टायर गॅरेजमधून गडगडत आणतायत. मी मीटिंग सोडून धावले.

"मुग्धाचा फोन आला होता," ते धापा टाकत म्हणाले. "घर घेतलंय भाड्याने, जरा गावाबाहेर. टाकीचा पंप चालत नाही. प्लंबर मिळत नाही म्हणाली. बाबा, बघतोस का येऊन, म्हणाली."

जिंडाबाईनसारख्या गावात प्लंबर मिळत नाही यावर माझा विश्वास बसला नाही. पण हे बोलण्यासारखं नव्हतं.

"मग हे काय चाललंय? या उन्हात बर्फाचे टायर?"

"चढवत नाहीये! या रस्त्यावर चढवले तर लोण्यासारखे झिजतील. नुसते नेतोय."

"कशाला पण, काका?"

काका थांबले. मला हे विचारावं लागतंय याचं त्यांना नवल वाटलं. "बोलावलंय ना तिने? मग टायरशिवाय कसा जाऊ?"

दोन टायर डिकीत बसले, दोन मागच्या सीटवर. सीटवरच्या टायरांना काकांनी पट्टे लावले, ओढून बघितले. एका खाचेत दसऱ्याचं कुंकू राहिलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी बेसनाचे लाडू डब्यात घालून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा ग्रेगने कुत्र्यासकट उभं राहून हात हलवला, आणि चक्क टिंगल केली नाही.

शनिवार-रविवारसाठी गेलेले काका पुढच्या गुरुवारी परतले. मी कामावरून येत होते, माझीही गाडी तेव्हाच वळली. त्यांची मागची सीट रिकामी होती.

"काका, पंप?"

"पंपाला काही झालं नव्हतं. हवा अडकली होती."

"आणि टायर?"

"तिच्याकडेच ठेवले. गॅरेजमध्ये."

"अहो, मग जूनमध्ये इथून जाणार कशावर?"

"म्हणूनच बर्फ पडायच्या आधी जायचं. तिथेच चढवायचे, तिथेच राहायचं थोडे दिवस. तिनेच ठरवलं हे. मी गाडीतून टायर खाली काढायला लागलो तर आधी नुसती बघत राहिली. मग एकेका टायरवरून हात फिरवला. आणि परत निघताना मी ते गाडीत भरायला लागलो, तर म्हणाली, 'राहू दे ना इथेच, बाबा. दरवेळी कुठे घेऊन येत बसतोस.'"

मी गाडीजवळच उभी होते, पण काका वाकले नाहीत, माझ्या टायरांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दरवेळी म्हणाली गं," ते म्हणाले.