दौलतभाऊंचा धुरकरी

दौलतभाऊंनी मला त्यांच्या मोटरसायकलच्या झुलीचं माप दिलं ते सुतळीला गाठी मारून, आणि त्या सहा गाठींपैकी दोन खोट्या होत्या.

मी शिवणकाम करते. अड्याळला आमच्या आणि दौलतभाऊंच्या घराला मधली भिंत एकच. त्यांच्याकडे पाना पडला की माझ्याकडे कप हलतो. म्हटलं, चार पावलांवर गाडी आहे, टेप घेऊन येते. तर हे दारात आडवे उभे. "तुमी कायले येता जी वयनी? माप आणलं ना म्या." बरं बाप्पा, म्हटलं. शिवली झूल. बसली नाही. कशी बसेल? दुसऱ्या दिवशी ती बगलेत मारून हजर. "दोन गाठी म्या जाणूनबुजून चुकीच्या मारल्या होत्या. सुतळी कोनाच्या हाती लागली असती तं?"

"माह्याच हाती लागाची होती ना ती!"

"तेच तं म्हणून राहिलो," ते म्हणाले.

असा हा माणूस. सहा फूट उंच. राइस मिलमध्ये फिटर म्हणून जन्म काढलेला. बायको वारली, मुलगी लग्न होऊन तुमसरला गेली. उजवा गुडघा कामातून गेलाय, संशय मात्र ठणठणीत. दूध पातळ आलं तर त्यात गवळ्याचा दोष नसतो, गवळ्याला कोणीतरी तसं सांगितलेलं असतं. गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळं गाव बातमी वाचून आपापल्या कामाला लागलं. दौलतभाऊ आठवडाभर पारावर बसून ज्याला त्याला विचारत होते, "आपल्यापासून तोडाचं काहून? यात काहीतरी हाय." काय हाय, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. "मले सगळं समजते. मी फक्त बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की माझं टाळकं सरकतं.

हा रोग त्यांना पटाने लावला. आमच्याकडे पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. लांबच लांब सरळ रस्ता आखायचा, त्याला म्हणायचं दाण. हलका छकडा जुंपायचा, हाकणारा तो धुरकरी. पटाच्या बैलाला कोणी काही चारेल, कोणाची नजर लागेल म्हणून मालक त्याच्या गोठ्यातच खाट टाकतो. दौलतभाऊंची जोडी तेव्हा नावाजलेली होती आणि त्यांचा धुरकरी होता सोमाजी. आमच्याच गल्लीतला, ठेंगणा, भरल्या अंगाचा, सदा हसतमुख. हे दोघं एका ताटात जेवणारे. पटासाठी दोघांचे एकसारखे पिवळे शर्ट मीच शिवले होते.

शेवटच्या पटात जोडी निम्म्या दाणीतून बाहेर फुटली. झालं! दौलतभाऊंनी भर पटात, हजार माणसांसमोर सोमाजीची कॉलर धरली. "कोनाले विकल्या गेला तू? बोल!" सोमाजी एक शब्द बोलला नाही. महिन्याभरात तो मोहाडीकडे, करडीला मुलीच्या गावी जाऊन राहिला. पुढे कोर्टाने पट बंद केले, दौलतभाऊंनी बैल विकले, आणि त्या रिकाम्या गोठ्यात काही वर्षांनी ही मोटरसायकल आली.

मिलच्या गोदामात कोंड्याच्या पोत्यांखाली ती पडून होती. जुनी, दोन सायलेन्सरची, जिची कंपनी केव्हाच बंद पडली. किकही तीच आणि गिअरही तोच, असा एकच दांडा असलेली. नागपूरच्या बाहेर जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, असा छापील कागद त्यांना कुठून तरी मिळाला होता. तो कागद ते बनियनच्या खिशात ठेवायचे. आमच्या ह्यांनी एकदा म्हटलं, दाखवा तरी, नियम काय आहेत बघू. दौलतभाऊंनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून घेतलं.

आता गाडी बांधायची म्हणजे दहा लोकांकडे जावं लागतं. पण गाडीबद्दल तर कोणाला कळू द्यायचं नाही. मग कार्बोरेटर नागपूरच्या भंगार बाजारातून आणि त्याची सुई पवनीच्या दुकानातून. सिलिंडर भंडाऱ्याच्या एका लेथवर आणि पिस्टन दुसऱ्या लेथवर. "एकालेच दोन्ही दाखवले तं त्याले गाडी समजन ना जी!" त्या दोघांनी आपापल्या अंदाजाने काम केलं आणि पिस्टन काही सिलिंडरमध्ये जाईना. "दोघं मिळून हायेत," दौलतभाऊ म्हणाले. त्या दोघांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मग हे बसले पॉलिश पेपर घेऊन. अकरा दिवस भिंतीपलीकडून घासायचा आवाज, घसघस, घसघस. माझे दात आंबले, पण पिस्टन बसला. हात सोन्याचा आहे माणसाचा, ते मी नाकारत नाही.

इंजिन पहिल्यांदा चालू करायचं त्या सकाळी ते माझ्याकडे आले. "मी किक मारतो, तवाच तुमी मशीन चालवा. म्हणजे लोकायले वाटन, वयनी शिवून राहिल्या." शिलाई मशीन! तिकडे दोन सायलेन्सर एकदम फुटले, माझ्या डब्यातली बटणं उडाली, कोंबड्या कौलांवर चढल्या आणि निळा धूर भिंतीवरून माझ्या अंगणात. मी वेड्यासारखी पायडल मारतेय. मोटर स्टँडवरून माणसं आली. "का जी वयनी, मशीनमंदी पेट्रोल टाकलं का?"

धानाची कापणी आटोपेपर्यंत गाडी तयार झाली. मडगार्ड, दिवा, जे म्हणून जड ते काढून छकड्यासारखी हलकी केली होती. हँडल तर असं घट्ट कसलं होतं की हलता हलत नव्हतं. "इकडंतिकडं पाहाचंच नाही तिनं. नाकासमोर पयाचं," म्हणाले.

पण चालवणार कोण? गुडघ्यामुळे त्यांना स्वतःला जमणारं नव्हतं. गाडी वर्षभर खपून बांधली, शर्यत महिन्यावर आली आणि धुरकरी नाही. पोस्टमन तयार होता, तर तो "पत्रं वाचते लोकायचे." ग्रामपंचायतीचा शिपाई तयार होता, तर तो "लय हासते." एकेकाला नाकारून झालं.

मग एका दुपारी दौलतभाऊ आले, दार लोटून घेतलं आणि पिशवीतून एक जुना शर्ट काढला. "शर्यतीत जाड कापडाचा अंगभर सूट लागते. गुडघ्याले, कोपराले फोम. याच्या मापानं शिवा. पण शर्ट ठेवून घेऊ नका. माह्यासमोर माप घ्या अन् द्या वापस."

शर्ट पिवळा होता, विटलेला. मी बाही उलटवली. माझी शिवण मी ओळखणार नाही? आणि सहा फुटी दौलतभाऊंचा हा शर्ट नव्हे, हे तर आंधळ्यानेही सांगितलं असतं.

"हा सोमाजीचा आहे," मी म्हटलं.

"तुमाले काय करायचं?"

"भाऊ, तुमी तं म्हणत होते तो विकल्या गेला. मंग त्याचा शर्ट आठ वर्षं कायले जपून ठेवला? अन् आता त्याच्याच मापाचा सूट?"

ते खाली बसले. माझी कात्री उगाच उघडझाप केली. मग म्हणाले, "काटा होता वयनी. बैलाच्या खुरात. बाभळीचा, एवढा. पटाच्या दुसऱ्याच दिवशी म्या माह्या हातानं काढला."

"अन् सांगितलं नाही?"

"गेलो होतो सांगाले. त्याच्या दारापर्यंत गेलो. दारातून वापस आलो. मंग तो गावच सोडून गेला."

असा संताप आला मला! ज्या माणसाला गवळ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या पोटातलं कळतं, त्याला दोन शब्द बोलता येऊ नयेत? "सूट झाला की करडीला चला," मी म्हटलं. "मी येते संग. सूट मी नेते, तोंड तुमी न्या." सूट शिवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

करडीला सोमाजी अंगणात बसून दोर वळत होता. मी ओळखलंच नाही. शुगरने माणूस पार खाल्ला होता. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. त्याने आम्हाला पाहिलं, आत आवाज देऊन चहा सांगितला. दौलतभाऊ उभेच.

"गाडी बनवली," ते म्हणाले. "पटात न्याची हाय. धुरकरी नाही."

"बैल कोनते?"

"बैल नाही. पेट्रोल."

सोमाजीने मान हलवली, जसं काही कालच बोलणं अर्धवट राहिलं होतं. मी सूट पुढे केला. त्याने तिथेच कपड्यांवरून चढवला, आणि तो खांद्यावरून नुसता लोंबायला लागला. आत दुसरा सोमाजी मावला असता.

"मापात काहीतरी..." दौलतभाऊंनी सवयीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग सोमाजीच्या मनगटांकडे पाहिलं. पिनांची डबी उघडून म्हणाले, "वयनी, आत घ्या."

मी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड आत घेतलं. दौलतभाऊ एकेक पिन माझ्या हातात देत होते. मी कोपराने ढोसलं, बोला. चहा आला, संपला. निघताना दौलतभाऊ बोलले, "चहा चांगला होता." ती कपबशी त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

सोमाजी आला मात्र. आठ दिवस दौलतभाऊंकडे राहून कालव्याच्या रस्त्यावर सराव केला. तो रस्ता सुतासारखा सरळ. गाडी बाणासारखी जायची. मी रोज विचारायची, सांगितलं का? दौलतभाऊ म्हणायचे, "पाहून राहिलो."

शर्यतीच्या दिवशी नागपूरच्या त्या मैदानावर पोचलो. टेम्पोतून उतरून दौलतभाऊंनी समोर पाहिलं आणि थिजले. जुने टायर मांडून मोठं गोल रिंगण केलेलं. वळणच वळण.

"हे कोनं मांडले?" ते माझ्या कानात म्हणाले. "आपल्यासाठीच मांडले. आपली गाडी सरळ पयते हे फुटलं कुठून?"

मी सरळ त्यांच्या बनियनच्या खिशात हात घालून तो कागद ओढला. कागदावर अर्ध्या पानाएवढा नकाशा. अंड्यासारखं रिंगण, आत बाण.

"हे काय आहे भाऊ?"

"मले वाटलं, शर्यतवाल्या मंडळाचं निशाण हाय."

देवा! कागद एका माणसाला दाखवला असता तरी निभावलं असतं. पण शर्यत म्हणजे पट आणि पट म्हणजे सरळ दाण, यात विचारायचं ते काय, असं त्यांनी धरलेलं. हँडल ढिलं करायला पाने घरी, नावाचा पुकारा झालेला. सोमाजी हेल्मेट चढवत म्हणाला, "जाऊ दे. पाहतो मी."

झेंडा पडला. खोटं कशाला सांगू, पहिल्या सरळ पट्ट्यात आमची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. दौलतभाऊ दोन्ही हात वर करून बैल हाकल्यासारखे ओरडत होते, "हाट्! हाट् रे!" मग वळण आलं. बाकीचे वळले. सोमाजी टायर उडवून सरळ गेला, कुंपणाच्या फटीतून बाहेर, आणि पलीकडच्या तुरीच्या वावरात दिसेनासा झाला. लोक हसायला लागले.

मी घाबरले, पण सोमाजीसाठी नाही. आता हा माणूस पुन्हा कोणाची तरी कॉलर धरणार! दौलतभाऊ धावत सुटले होते. तो मोडका गुडघा ओढत, धोतर सावरत, आणि मी मागे.

गाडी तुरीत आडवी पडली होती, चाक फिरत होतं, इंजिन चालूच. वर्षभराची मेहनत. दौलतभाऊ तिला ओलांडून पुढे गेले.

"लागलं का रे सोमा?"

"नाही. तुरीवर पडलो."

दौलतभाऊ त्याच्या शेजारी मातीत बसले. "हँडल म्या कसलं होतं. चूक माही, तुही नाही." श्वास लागला होता त्यांना. "अन् तवाही नव्हती. काटा होता, सोमा. बैलाच्या खुरात काटा होता. चुकलो मी."

सोमाजी केसांतला तुरीचा पाला काढत होता. "मालूम हाय मले. बैल लंगडला ते छकड्यावर मले समजलं नसन का?"

"मंग बोलला काहून नाही तू?"

"तू ईचारलं कुठं? तू तं सांगितलं, विकल्या गेला म्हणून."

दौलतभाऊ त्या वावरात लहान लेकरासारखे रडले. "बायको गेली, तूही गेला," ते म्हणाले. "सारे मले भाऊ म्हणतेत, जी म्हणतेत. आठ वर्षं झाले रे, मले एकानं दौलत्या म्हटलं नाही." मीही रडत होते, त्यात लाजायचं काय?

सोमाजीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग म्हणाला, "ऊठ दौलत्या. गाडी बंद कर, पेट्रोल सांडून राहिलं."