पुन्हा करून दाखव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे एका मोठ्या माणसावर लिहायला बसलोय याची भीती वाटते. कुठे चुकलं तर माफ करा. पण शांतवनकाकांवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी धाडस करतो.

सावेडीत मी भाड्याच्या खोलीत राहतो, काका माझ्या समोरच्या खोलीत. पन्नाशीचे, एकटे. त्यांच्याकडे कुठलीही तक्रार न्या, ते चष्मा वर सरकवून म्हणतात, "पुन्हा करून दाखव." खालच्या मजल्यावरच्या गायकवाड मॅडमची स्कूटर एकदा सुरू होईना. काकांनी त्यांना परत घरात पाठवलं. तीच पर्स, त्याच चपला, त्याच जिन्यानं पुन्हा खाली यायला लावलं. या वेळी स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. मॅडम खूश झाल्या, काकांचा चेहरा पडला. "म्हणजे आता कारण कळणार नाही," म्हणाले.

मला ताप आला तेव्हाही काकांनी काय खाल्लं ते विचारलं. भेळ म्हटल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "बरा झालास की तीच भेळ कांद्याशिवाय खा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

हे वेड त्यांना कामातून लागलं. दिवसा ते एका ऑफिसात हिशेब बघतात. उरलेला वेळ एका फुकटच्या प्रोग्रॅमला देतात. मोबाईलवर, टॅबवर पुस्तकं आणि कागदपत्रं उघडून दाखवणारा हा प्रोग्रॅम आहे. त्याचं पोट कुणालाही उघडून बघता येतं, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवता येते. ती घ्यायची की नाही, हे सांभाळणारी मंडळी ठरवतात. ही मंडळी कुठल्या कुठल्या देशांत बसलेली, काकांनी एकालाही पाहिलेलं नाही. जगात कुणीतरी पान उलटतं आणि त्यात आमच्या समोरच्या खोलीतलं काम असतं, हा विचार आला की मी त्यांच्या दाराकडे बघत राहतो.

पण गेलं वर्षभर एक चूक त्यांना छळत होती. त्यांची आई मिरजगावला असते. छापील भजनं आता तिला दिसत नाहीत, म्हणून काकांनी टॅब दिला. ती अक्षर मोठं करून वाचायला लागली की मध्येच अक्षर बारीक होई आणि पान पळून जाई. काकांनी मंडळींना कळवलं. उत्तर आलं, आमच्याकडे असं घडत नाही, पुन्हा करून दाखवा. अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलेलं वाक्य त्यांच्याच दारात परत आलं होतं.

एका रविवारी ते मला घेऊन मिरजगावला गेले. काका टॅब आईसमोर धरून म्हणाले, "पुन्हा करून दाखव." पान हललंसुद्धा नाही.

"तू आलास की गप बसतंय," आजी म्हणाल्या. "तू गेलास की पळतंय. तुझ्यावानीच हाय, एका जागी ठरत न्हाई."

काका हात धुवायला गेले. आजींनी टॅब मांडीवर ओढला आणि डाव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेवर दाबून ठेवला. पुस्तक मिटू नये म्हणून आपण दाबतो तसा. दुसऱ्या हातानं पान उलटलं आणि अक्षर बारीक झालं. काका दारात उभे होते. टॅब दर वेळी तेच धरत आले होते, म्हणून हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

मी सहज म्हणालो, "आजी, अंगठा उचलून धरा ना."

काका माझ्यावर कधी चिडले नव्हते, तेव्हा चिडले. "जन्मभर तिनं पुस्तक असंच धरलंय," ते म्हणाले. "चूक अंगठ्याची नाही."

त्यांनी माझ्या मोबाईलवर त्या अंगठ्याचा व्हिडिओ काढला आणि परत येताच कामाला लागले. कडेवर नुसता टेकलेला अंगठा म्हणजे हुकूम नव्हे, एवढंच प्रोग्रॅमला शिकवायचं होतं. दुरुस्ती झाली, व्हिडिओसकट पाठवली. आजींच्या टॅबवर लगेच टाका, असं मी सुचवलं. पण दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आईच्या हातात काही द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. मग नुसती वाट बघणं. मंडळींनी शंका विचारल्या, काकांनी उत्तरं दिली. त्या दिवसांत ते कुणालाच काही करून दाखवायला सांगत नव्हते.

परवा सकाळी ते ऑफिसला निघाले होते. एक बूट घातलेला, दुसरा हातात. मोबाईल वाजला, त्यांनी वाचलं आणि जिन्यावरच बसले. दुरुस्ती घेतली होती, नव्या आवृत्तीत ती सगळ्यांना मिळाली होती. त्यांनी मिरजगावला फोन लावला, शेजारच्या मुलीकडून नवी आवृत्ती टॅबवर घ्यायला लावली. फोन स्पीकरवर होता.

"मी आता अंगठा उचलूनच धरते," आजी म्हणाल्या. "मनगट भरून येतं, पर पान न्हाई पळत. तू नको लई जिवाला लावून घेऊ."

काका म्हणाले, "आई, आता अंगठा ठेव."

तिकडून आजींचा आवाज आला. एका भजनाची ओळ, तिच्यानंतरची ओळ, मग पुढच्या पानावरची.

"थांबलंय रं," आजी म्हणाल्या.

"पुन्हा करून दाखव," काका म्हणाले. हातातला बूट त्यांनी खाली ठेवला आणि ऐकत बसले.