सीतारामचं भगदाड

संपात गिरणी गेली तेव्हापासून सीताराम नाहूरच्या एका नव्या सोसायटीत वॉचमन होता. नोकरी म्हणजे घरीच बसल्यासारखी. सोसायटीच्या मागच्या भिंतीला भगदाड होतं, वाकून निघालं की समोर त्याच्या चाळीचं अंगण. दोन वर्षांमागे इथं नुसती भाताची खाचरं होती, कुठूनही कुठंही जाता यायचं. आता जो तो बिल्डर आपली भिंत घालून बसला होता. अख्खी चाळ त्या भगदाडातून बाजारात जायची.

"सीताराम, ही काय धर्मशाळा आहे?" सेक्रेटरी रोज करवादायचा.

शनिवारी दुपारी सीतारामने उरल्यासुरल्या सिमेंटात विटा लावून भगदाड स्वतःच्या हाताने बुजवलं. सेक्रेटरीने पाठ थोपटली. सहाला ड्युटी सुटली. सीताराम डबा घेऊन सवयीने भिंतीपाशी आला आणि बघतच राहिला.

साडेसहाला त्याच्या शकुला बघायला पाहुणे यायचे होते. दोन स्थळं आधीच हातची गेली होती.

तो पुढच्या गेटने पळाला. पहिली गल्ली धरली, शेवटाला भिंत. दुसरीच्या तोंडाशी तिथला वॉचमन भीमराज बसला होता.

"कुठं रे?"

"घरी. इथनं वाट आहे ना?"

"दुपारपर्यंत होती. तू बुजवतोयस म्हटल्यावर आमच्या सायबाने पण बुजवली."

"मग रे?"

"हायवेने जा. तासभर. रिक्षा मिळाली तर."

रिक्षा कसली मिळते. सातला सीताराम हरून परत आपल्याच भिंतीपाशी. पलीकडे अंगणात कपबशा वाजत होत्या.

"मुलीचे वडील?" मुलाचे बाप, दशरथराव, विचारत होते.

"जवळच असतात," सीतारामची बायको शेवंती म्हणाली.

"मी हयच आसंय गो," सीताराम भिंतीआडून बोलला.



"भिंतीत?" दशरथराव म्हणाले.

"वाट नाय मिळत."

"स्वतःच्या घराची? चला रे, उठा."

खुर्च्या सरकल्या. सीतारामने डोळे मिटून लाथ घातली. सिमेंट ओलंच होतं. विटांसकट तो पाहुण्यांच्या पायाशी येऊन पडला आणि पडल्या पडल्या नमस्कार केला. शकुला हसू आवरेना. मुलगाही हसला.

दशरथरावांनी वाकून भगदाडातून पाहिलं. "हा रस्ता आहे होय? आम्ही तासभर वळसा घेऊन आलो. मग ठरलं समजा. पण एक सांगतो, वऱ्हाड इथूनच येणार. त्या वळशाने पुन्हा नाही."

तेवढ्यात पलीकडून सेक्रेटरीचं डोकं आत आलं. "सीताराम, हे कुणी पाडलं?"

"ठाऊक नाय सायेब. माझी ड्युटी सहाला सुटली," सीताराम कानातलं सिमेंट काढत म्हणाला.

"सकाळी पक्कं बुजव."

सकाळी सीताराम घमेलं घेऊन भगदाडात बसला. सोसायटीच्या बाजूने बुजवलं तर घर गेलं. चाळीच्या बाजूने बुजवलं तर नोकरी. आणि कुठूनही बुजवलं तरी जावई. घमेल्यातला माल सुकत चालला होता.