अंतरपाटाचा लेंगा

लिलाधरने त्या रविवारी घेतलेला निर्णय अगदी लहानसा होता. बायकोने भांडेवालीसाठी बांधून ठेवलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं भांडेवालीला द्यायचं नाही, एवढाच. (दिलं असतं तर घरात एक स्टीलचा डबा आला असता आणि लिलाधरला आज भाऊकीत मान वर करून बसता आलं असतं.)

बायको, म्हणजे ज्योत्सना, बहिणीच्या बाळंतपणासाठी भंडाऱ्याला गेली होती. जाताना तिने बजावलं होतं, "भांडेवाली येईन. गाठोडं द्या आन् डबा घ्या. झाकण लागते का नाई, ते पाहून घ्या." लिलाधरने मान डोलावली. पण भांडेवालीच्या आधी मोबाईलवर एक दाढीवाला माणूस आला. जुने कपडे म्हणजे सोनं असतं, असं तो सांगत होता. जुन्या साडीची पिशवी, जुन्या चादरीची उशी, जुन्या धोतराचा लेंगा. घरातली चिंधीसुद्धा बाहेर टाकायची नाही. लिलाधर वरठीला कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. चांगल्या वस्तूंवर 'निकामी' असा शेरा मारण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. दाढीवाल्याचं म्हणणं त्याच्या काळजाला भिडलं.

शिलाई मशीन घरात होतंच. ज्योत्सनाच्या माहेरून आलेलं ते मशीन बरीच वर्षं लोणच्याच्या बरण्या सांभाळत होतं. लिलाधरने बरण्या खाली ठेवल्या, मशीनला तेल दिलं आणि सुईत दोरा ओवायला बसला. दोरा ओवला जाईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली.

पहिली पिशवी झाली. तिच्यातून वांगी घरंगळत, पण भोपळा अडकून राही, म्हणजे पिशवी भोपळ्याची आहे असं त्याने ठरवलं. मग उशी झाली. ती पावाएवढी होती. तरी तो खचला नाही, उलट त्याला नशाच चढली. आता लेंगा. पण लेंग्याला मऊ आणि पांढरं कापड हवं आणि गाठोड्यात सगळा साड्यांचा भडक कारभार होता.

म्हणून त्याने लोखंडी पेटी उघडली. अगदी तळाशी एका टॉवेलात गुंडाळलेलं कापड होतं. जुनं, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मधोमध कसलेसे पुसट लाल डाग होते. वडिलांचं, आबांचं धोतर असणार आणि हा पानाचा डाग, असं लिलाधरने मनाशी म्हटलं. (आबांनी आयुष्यात कधी पान खाल्लं नव्हतं. हे त्याला नंतर आठवलं.)

ते कापड म्हणजे भाऊकीचा अंतरपाट होता.

या घराण्यात नवरा-नवरीच्या मधे हाच अंतरपाट धरतात. कितीही पैसेवाल्याचं लग्न असो, दुसरं कापड चालत नाही. ज्याच्या अंगणात शेवटचं लग्न झालं त्याच्या घरी तो राहतो आणि पुढच्या लग्नाचं घर हळदीकुंकू घेऊन मागायला येतं. शिवाय घराण्यातली प्रत्येक नवरी, लेक असो की सून, लग्न लागल्यावर त्याच्या एका कोपऱ्यात आपल्या आवडीच्या रंगाचा एक टाका घालते. शेवटचं लग्न झालं ते लिलाधरच्या धाकट्या भावाचं, लिलाधरच्याच अंगणात, म्हणून अंतरपाट करडी गावात लिलाधरच्या पेटीत होता. तो ठेवला ज्योत्सनाने. लिलाधरने भाऊकीच्या सगळ्या लग्नांत पंगती वाढल्या होत्या, मांडवात काय चालतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. स्वतःच्या लग्नात मात्र तो अंतरपाटाच्या अगदी समोर उभा होता. पण तेव्हा कापडाकडे कोण बघतं?

त्याने कात्री चालवली. रंगीत दोऱ्यांनी गाठाळलेला कोपरा पायाला टोचेल म्हणून तो आधी वेगळा कापला आणि दुहेरी करून गरम भांडं धरायचं फडकं शिवलं. उरलेल्याचा लेंगा केला. कतरणी पावाएवढ्या उशीत कोंबल्या. घराबाहेर एक धागा गेला नाही.

आणि लेंगा जमला. एक पाय किंचित पुढे बघत होता, दुसरा किंचित मागे, पण अंगावर तो असा बसला की लिलाधरला भरून आलं. आजवर आपल्या हातून एवढं नीट काही झालं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो लेंगा घालून तळ्याच्या पाळीवर फिरायला जाऊ लागला, दूध आणायला जाऊ लागला. कोणी विचारलं नाही तर स्वतःच सांगू लागला.

ज्योत्सना परत आली ती दमून. तिने लेंग्याकडे पाहिलं आणि झोपून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भंडाऱ्याहून गाडी येऊन थांबली. गाडीतून लिलाधरचे मोठे चुलतभाऊ वासुदेवराव उतरले आणि त्यांच्या मागून त्यांची आई, मनकर्णाबाई. भाऊकी त्यांना मोठीमाय म्हणते. हातात नारळ आणि हळदीकुंकवाचा करंडा होता. वासुदेवरावांच्या मुलीचं, खुशीचं लग्न ठरलं होतं.

खुशी म्हणजे लिलाधरचा जीव. लहानपणी तिने त्याच्याच खांद्यावर बसून तळ्यातली कमळं तोडली होती. त्याने आनंदाने दोघांना खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर लेंग्यात मांडी घालून बसला. ज्योत्सनाने नव्या फडक्याने पातेलं धरून चहा गाळला.

"लिलाधर, अंतरपाट काढ," वासुदेवराव म्हणाले. "मायले हळदीकुंकू वाहायचं हाय."

ज्योत्सना आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग एकेक वस्तू बाहेर काढल्याचा.

"अवो, जरा अंदर येता का?"

लिलाधर आत गेला. ज्योत्सनाच्या एका हातात रिकामा टॉवेल होता.

"याच्यातलं कापड कुठं हाय?"

"ते होय? हे काय," लिलाधरने लेंग्याची चिमूट धरून दाखवली. "हात लावून पाह्य, किती मऊ हाय."

ज्योत्सना पेटीवरच बसली. तिची नजर हळूहळू त्याच्या उजव्या गुडघ्यावर गेली. तिथे पुसट लाल स्वस्तिक होतं.

"हे काय वाटलं तुमाले?"

"पानाचा डाग."

"अंतरपाट हाय तो."

लिलाधरने खाली पाहिलं. त्याचे पाय थरथरू लागले आणि पायांबरोबर भाऊकीच्या सगळ्या लग्नांचं कापडही थरथरू लागलं.

"आन् कोपरा?" ज्योत्सनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "त्याच्यात माहाबी टाका हाय. हिरवा. तो कुठं फेकला?"

"फेकला नाई ना. सकाळपासून तुह्याच हातात हाय."

ज्योत्सनाने हातातलं फडकं उलटलं. चहाने तांबडं झालेलं, एका बाजूने करपलेलं. हिरवा टाका मात्र शाबूत होता. तिने ते फडकं पदराआड लपवलं.

बाहेर येऊन तिनेच सांभाळून घेतलं. "मोठीमाय, अंतरपाट धुवायले काढला. खळ करून लग्नाच्या दिवशी आमीच घेऊन येतो."

"आठवणीनं आणजो," वासुदेवराव लिलाधरला म्हणाले. "अंतरपाट आल्याबिगर मी भटजीले तोंड उघडू देणार नाई. माह्या एकुलत्या एका पोरीचं लगन हाय."

मनकर्णाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठण्यासाठी त्यांनी शेजारी येऊन बसलेल्या लिलाधरच्या उजव्या गुडघ्यावर हात टेकला. लिलाधरने डोळे मिटले. "येतो रे बाबू," एवढंच म्हणून त्या गाडीत बसल्या.

त्या दिवसापासून लिलाधरची भूक गेली. खुशीच्या लग्नात आपल्यामुळे विघ्न येणार, वासुदेवदादा चारचौघांत उभं करणार आणि पोरगी आयुष्यभर म्हणणार की काकाजीने घात केला. त्याने भंडाऱ्याहून तसलंच कापड आणून चहात बुडवलं. ते चहात बुडवलेल्या नव्या कापडासारखं दिसू लागलं. ज्योत्सना म्हणाली, "देवाच्या कामात फसवाफसवी नाई करायची. लेंगा उसवा आन् पुन्हा अंतरपाट करा."

लिलाधरने कारखान्यात सुटी टाकली आणि ब्लेड घेऊन बसला. दाढीवाल्याच्या सल्ल्याने त्याने प्रत्येक शिवण दुहेरी मारली होती. उसवता उसवता त्याने दाढीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी चार तुकडे हाती आले, पण लेंग्याचा गोलावा कापला होता तिथे मधोमध मोठं भोक राहिलं. मग उशी फोडून कतरणी बाहेर काढल्या. ज्योत्सना जुळवत होती, तो शिवत होता. कोपऱ्यावरचे चहाचे डाग काही निघाले नाहीत. अंतरपाट तयार झाला तेव्हा तो एखाद्या तालुक्याच्या नकाशासारखा दिसत होता, नद्यानाले आणि पांदणरस्त्यांसकट.

"खळ जास्त लावू," ज्योत्सना म्हणाली. "लांबून दिसणार नाई."

लग्नाच्या दिवशी खरोखरच लांबून दिसलं नाही. रीतीप्रमाणे एक बाजू लिलाधरने धरायची होती, दुसरी नवरीच्या मामाने. मामा अंगाने पैलवान होता. त्याने अंतरपाट ताणला आणि लिलाधरच्या बाजूची शिवण टरकन उसवली. बोट जाईल एवढी फट पडली आणि फटीतून नवरदेवाचं नाक दिसू लागलं.

"दोनच मिनिटं," लिलाधर भटजींना म्हणाला. ज्योत्सनाने शहाणपणाने त्याच्या खिशात ओवलेली सुई ठेवली होती. त्याने वऱ्हाडाकडे पाठ केली, कापड पोटाशी घट्ट धरलं आणि भराभर टाके घातले. फट बुजली. दोरा दातांनी तोडून तो पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला जरा मोकळा श्वास घेता आला.

मंगलाष्टकं सुरू झाली. मामेलोकांनी एकेक बेसूर अष्टक म्हणून घेतलं. अक्षता पडत होत्या. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला आणि पैलवान मामाने अंतरपाट आपल्याकडे जोरात ओढला.

अंतरपाटाबरोबर लिलाधरही गेला.

त्याने आपला नवा शर्ट अंतरपाटाला शिवून टाकला होता. पोटापासून छातीपर्यंत, बारीक आणि पक्क्या टाक्यांनी. तो सरळ नवरा-नवरीच्या मधे येऊन उभा राहिला. खुशीने काकाजीला पाहिलं आणि हार हातातच थांबवला. नवरदेवाची मान मात्र बाशिंगाच्या ओझ्याने खाली होती. त्याने मोठ्या श्रद्धेने समोरच्या गळ्यात हार घातला.

फोटोवाल्याने त्या वेळी फोटो काढायला हयगय केली नाही.

"हे काय लावलं हाय?" वासुदेवराव गर्दीतून आले. त्यांनी अंतरपाट हातात धरला, उजेडाकडे केला आणि त्यांना सगळे नद्यानाले दिसले. "लिलाधर, काय हाय हे?"

"दादा, अंतरपाटच हाय," लिलाधरला रडू कोसळायच्या बेतात होतं. "मधात थोडे दिवस लेंगा होता."

 नवरदेवाकडची एक म्हातारी खुदकन हसली आणि तिथून हसणं पंगतीपर्यंत पोहोचलं. वासुदेवराव हसले नाहीत. मुहूर्त निघून चालला होता, टाके काढत बसायला वेळ नव्हता. त्यांनी स्वयंपाक्याची सुरी मागवली आणि टाक्यांभोवतीने शर्टच कापून काढला. लिलाधरच्या गळ्यातला हार उतरवून नवरदेवाच्या हातात परत दिला. लग्न लागलं. पुढच्या सगळ्या फोटोंत कोपऱ्यात एक माणूस छातीशी पत्रावळ धरून उभा आहे.

जेवणं आटोपल्यावर खुशी टाका घालायला बसली. मांडीवर अंतरपाट होता आणि त्याच्यावर लिलाधरच्या शर्टाचा तुकडा, दोन बटणांसकट. लिलाधर पत्रावळ घेऊन दूर खांबाआड उभा होता. खुशीनेच त्याला हाक मारली.

"काकाजी, इकडं या ना. मी लाल टाका घालून राहिली. पाहत नाई का?"

तो जवळ गेला आणि त्याला खरोखरच रडू आलं. "माहं चुकलं वं बाई. तुह्या लग्नाचा तमाशा केला मी."

"लगन तं लागलं ना," खुशी म्हणाली आणि चहाच्या डागात लाल टाका घातला.

शेजारी मनकर्णाबाई बसल्या होत्या. लिलाधर त्यांच्या पायाशी वाकला. "मोठीमाय, तू तं मले विचारलंबी नाई. त्या दिवशी मी खरं सांगाले पायजे होतं."

"तू काय सांगतं? मले त्याच दिवशी दिसलं, तुह्या गुडघ्यावर. घरी जाऊन मी नवं कापड आणून ठेवलं. तू टाक्याचा कोपरा घेऊन येशीन, तेवढा त्याले लावला की झालं. माह्या सासूनंबी असंच केलं होतं, कापड काय जन्मभर टिकते?"

लिलाधरने मान वर केली. "मंग सांगितलं काहून नाई?"

मनकर्णाबाईंनी अंतरपाट हातात घेतला, एका शिवणीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या शिवणीवरून. शर्टाचं बटण चाचपून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मले काय मालूम, तू तो उसवशीन म्हणून? लेंगा बरा शिवला होता रे तू."