अनुभवासाठी राखीव तडा

काच ताणली जात नाही. भिंत सरकली की ती तुटते. म्हणून भिंतीच्या तड्यावर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवून ठेवतात. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या वाचनालयात, तळमजल्यावर मुख्य तुळईच्या अगदी खाली, अशी एक पट्टी आहे. (आपण हा अंक बहुधा तिथेच बाकावर बसून फुकट वाचत असाल. मान वर करण्याची तूर्त गरज नाही.)

ती पट्टी नजीरने लावली. तो पुण्याहून इंजिनिअर होऊन नाशकात परतला तेव्हा मंदी ऐन भरात होती, आणि प्रत्येक जाहिरातीत ‘अनुभवी’ हा शब्द होता. अनुभव नोकरीवाचून मिळत नाही आणि नोकरी अनुभवावाचून. यावर वरच्या मजल्यावर भरणाऱ्या तरुण इंजिनिअर साह्य मंडळाने काढलेला उपाय तर्कदृष्ट्या निर्दोष आहे.

नजीरने तुळईला टेकू देऊन भिंत नव्याने बांधण्याची परवानगी मागितली. इगतपुरीच्या एका ठेकेदाराने त्याला सांगितले होते, “एक तरी पुरं केलेलं काम दाखव, लगेच घेतो.” मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांनी सर्व बाजूंनी विचार केला. दुरुस्ती झाली तर अनुभव एकालाच मिळणार, आणि तडा मात्र कायमचा हातचा जाणार. उलट तो जपला तर सर्वांना पुरेल. तेव्हा दुरुस्तीचा निर्णय पुढच्या सभेवर ठेवून बेकार इंजिनिअरांना पाळीपाळीने तडा पाहण्यास नेमण्यात आले. (बिनपगारी. पगार दिला असता तर ती नोकरी झाली असती, आणि नोकरीला अनुभव लागतो.)

योजना फोफावली. चांदवडहूनही तरुण येऊ लागले. तडा बोटभर रुंदावला, म्हणजे अनुभवही तेवढाच वाढला. शंभर टक्के उमेदवार तडा पाहण्यात यशस्वी झाले. नोकरी एकाला लागली, सासऱ्याच्या पेढीवर.

गेल्या रविवारी सभा चालू असताना नजीर धावत जिना चढून आला.

“नानासाहेब, पट्टी तुटली!”

“पाळी कुणाची होती?”

“अहो, भिंत सरकतेय! आत्ता टेकू लावू द्या. ठेकेदार उद्या दुसरा माणूस घेतोय.”

“आधी बसा, नजीरमियाँ. दम खा.”

“बसू कुठं? पायाखालची फळी हलतेय.”

नानासाहेबांनी पाय दाबून पाहिला. फळी हलली. वर्षभर पुढच्या सभेवर जात राहिलेला निर्णय त्यांनी उभ्याउभ्याच दिला.

“ठरलं! नजीरमियाँना आजपासून पगारी नेमलं.”

“टेकूच्या कामावर?”

“छे! मंडळाच्या खुर्च्या माझ्या ओसरीवर हलवायच्यात, त्या देखरेखीवर. तडा राहू द्या, अजून पोरं यायचीत. आणि खाली बसलेल्यांना इतक्यात सांगू नका. हातातलं पान तरी संपू द्या त्यांचं.”