शेऱ्यासाठी सोडलेली जागा

अलकाच्या केळवणाला साडी तर द्यायचीच, पण साडीबरोबर थोडं शहाणपणही द्यावं, असं सूर्यकांतरावांच्या मनात आलं आणि तिथंच सगळं बिघडलं. (नुसती साडी दिली असती तर आज हे सांगत बसायची वेळच आली नसती.)

अलका म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, श्यामची मुलगी. दिल्लीत जन्मली, दिल्लीतच वाढली आणि आता लग्न होऊन पुण्याला जाणार होती. सूर्यकांतराव दोन वर्षांपूर्वी सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि गाझियाबादला घर बांधून राहिले. घरात ते आणि प्रमोदिनीबाई, दोघंच. रिटायर माणसाला पेन्शन मिळते, पण हाताखाली सेक्शन मिळत नाही. मग उपदेशाची आयती संधी तो कशी सोडणार?

शिवाय नवीन काही लिहायचंही नव्हतं. १९५८ साली, लग्नानंतर आठव्या दिवशी, लोदी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये त्यांनी प्रमोदिनीबाईंच्या हातात एक कागद ठेवला होता. त्यासाठी त्यांनी पोथ्या चाळल्या होत्या, आजोबांच्या कपाटातली स्त्रियांसाठीची मासिकं वाचली होती, शिष्टाचारावरची दोन इंग्रजी पुस्तकं लायब्ररीतून आणली होती. दोन हजार वर्षांत बायकांना जे जे म्हणून सांगितलं गेलं, त्याचा बारा कलमांत गोषवारा! (लेखकाचं वय चोवीस. हुद्दा, अप्पर डिव्हिजन क्लार्क.) फुलस्केप कागद, वळणदार अक्षर आणि ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे डावीकडे चांगला चार बोटं समास. समासावर मथळासुद्धा होता : 'अंमलबजावणीचा शेरा'. ऑफिसात असतो म्हणून त्यांनी तो घातला आणि विसरून गेले.

"अगं, तो कागद आहे का कुठं?" त्यांनी विचारलं.

प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातल्या कपाटातून, पोह्यांच्या डब्याखालून तो काढून दिला. "एकदा नजर टाका त्यावर," त्या म्हणाल्या.

"मीच लिहिलाय. पाठ आहे मला," असं म्हणून सूर्यकांतरावांनी तो न उघडता खिशात घातला. नोकरीच्या चौतीस वर्षांत न वाचता एक फाईल पुढं पाठवली नव्हती म्हणायचे. घरातली मात्र पाठवली.

रविवारी दुपारी केळवण झालं. श्रीखंडाची दुसरी वाटी रिचवून सूर्यकांतराव खुर्चीत रेलले, डोळे मिटले आणि कागद अलकाच्या हातात देऊन, मोठ्यानं वाच, म्हणाले. दिल्लीतल्या मुलीचं मराठी वाचन ते! पोरगी अक्षरांखाली बोट धरून चालली होती.

"मोठे काका, साइडला पण काही लिहिलंय. ते पण वाचू?"

"सगळं वाच. एक अक्षर गाळू नकोस."

अलकानं गाळलं नाही. "कलम तीन. चारचौघांत मोठ्याने हसू नये. शेरा : बंद केले, चार फेब्रुवारी एकोणसाठ." श्याम हसला. त्याला वाटलं, दादानं गंमत म्हणून लिहिलंय. "कलम पाच. चुलीपाशी गाणी म्हणू नयेत, शेजारी वरिष्ठ अधिकारी राहतात. शेरा : बंद केले. शेजारच्या बाई विचारत होत्या, तब्येत बरी नाही का." सूर्यकांतरावांनी एक डोळा उघडला. "कलम नऊ. पती चुकल्यास लगेच सांगू नये, त्याचा राग शांत झाल्यावर सांगावे. शेरा : वाट पाहत आहे." श्यामला ठसका लागला. त्याची बायको सरला त्याच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःच हसायला लागली.

बाराव्या कलमाशी मात्र कोणी हसलं नाही. "प्रेम बोलून दाखवणे उथळपणाचे आहे. ते पतीच्या वागण्यातून पत्नीला आपोआप दिसते." पुढं समासात तारखाच तारखा होत्या. अलका वाचत गेली. "एकोणसाठ, दिसले नाही. चौसष्ट, दिसले नाही. एकाहत्तर, टायफॉइड झाला तेव्हा थोडे दिसले. शहात्तर, बघणे बंद केले."

"श्रीखंड घे गं अजून," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"काकू, तू गायचीस?"

"गायचे."

"आता गा ना."

"आता आठवत नाही, बेटा," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

सूर्यकांतरावांना मात्र सगळं आठवलं. मुलगी पाहायला गेले तेव्हा चार मुली नाकारून झाल्या होत्या. ही आत चहा करता करता गुणगुणत होती, आणि चेहरा दिसायच्या आधीच त्यांनी मनात होकार देऊन टाकला होता. तोच आवाज आठ दिवसांत पाचव्या कलमाखाली बंद केला, तोही शेजारच्या एका अंडर सेक्रेटरीच्या झोपेसाठी! त्या अंडर सेक्रेटरीचं नावसुद्धा आता आठवेना. फार वाईट वाटलं त्यांना. तसं जवळ जाऊन बोलावं, तर छत्तीस वर्षांत सवय नाही.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. ऑर्डर काढली. 'सदर बाराही कलमे पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात येत आहेत. झाल्या गोष्टीबद्दल खेद आहे.' खाली सही करून कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. (समास सोडलाच होता. हात आपोआप वळतो.) प्रमोदिनीबाईंनी तो वाचला आणि कणीक मळायला घेतली. सूर्यकांतराव रोज तीनदा समास बघून यायचे. आठ दिवस तो कोराच राहिला.

नवव्या दिवशी सकाळी ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. बारीक, एकसारखा, लांबवलेला सूर. पेपर त्यांच्या मांडीवर पडला. उठलो तर थांबेल, म्हणून ते जागचे हलले नाहीत. डोळे मिटले, तरी पाणी यायचं ते आलंच. सूर वर चढला, थोडा कापरा झाला. वयानं होणारच, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरीही त्यांना तो फार गोड वाटला. असे ते अर्धा तास ऐकत होते.

तेवढ्यात पुढचं दार उघडून प्रमोदिनीबाई दुधाच्या पिशव्या घेऊन आत आल्या.

"कसला वास येतोय? अहो, सांगून गेले होते ना, कुकरची शिट्टी बिघडलीय, नुसती गुणगुणते, दहा मिनिटांनी गॅस बंद करा म्हणून? पेपरामागून हो म्हणालात की!"

(म्हणाले असतील. पेपरामागून ते नेहमीच हो म्हणत आले होते.)

संध्याकाळी समासात पहिला शेरा पडला. 'वरण करपले.' खाली तारीख. सूर्यकांतरावांनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचला. अठरा वर्षांनी बायकोनं त्यांच्याकडे परत बघायला सुरुवात केली होती, आणि नेमकं तिला हे दिसलं होतं.