एका चुलीवर तेवीस

दिपमालाला एक कुटुंब कमी पडत होतं. समाजशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा, विषय संयुक्त कुटुंबाचा, कुटुंबं हवीत वीस आणि हातात एकोणीस. त्यातलं पहिलं तर खुद्द तिचे मार्गदर्शक चौधरी सरांचं. सरांनी स्वतःच्या हातानं फॉर्म भरून दिला होता : तिघं भाऊ, अकरा माणसं, चूल एक. 'ज्यांची चूल एक, ते कुटुंब एक' ही सरांची व्याख्या, आणि वर्गात ती इतक्यांदा ऐकवलेली की मागच्या बाकावरची पोरं झोपेतसुद्धा म्हणतील. "आणि लक्षात ठेव," सरांनी बजावलं होतं, "एक जरी फॉर्म खोटा निघाला तर प्रबंध बाद. वर्ष गेलं म्हणून समज."

विसावं कुटुंब शोधत ती जळगावहून सकाळच्या एसटीनं फैजपूरला उतरली आणि दुसऱ्याच गल्लीत तिचं नशीब फळफळलं. एका अंगणात तीन दगडांवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं. त्यात ज्वारीचा घाटा शिजत होता. बायका ओल्या फडक्यांवर त्याच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होत्या, पोरं गरम घाट्यावर तेल घालून ताव मारत होती, आणि चुडामण आबा बाजेवर बसून काठीनं कावळे हाकलत होते. मधोमध पदर खोचून बेबाबाई उभ्या.

"कुटुंबप्रमुख कोण?" दिपमालानं फॉर्म काढला. सगळी बोटं बेबाबाईंकडे वळली.

"एका चुलीवर किती जण जेवतात?"

"मोज नं माय, समोरच तं हायेत," बेबाबाई म्हणाल्या. "आन् आधी घाटा खाय, मंग लिही."

दिपमालानं मोजले. तेवीस! नाती विचारली. प्रमिलाबाई म्हणाल्या जाऊ, तानुबाई म्हणाल्या नणंद. कामं कोण वाटून देतं? "बेबामाय." भांडणं होतात? "होतात तं! इची बिबडी जाड, तिची पातय." त्या अंगणात कोणीही एक शब्द खोटं बोललं नाही, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

"तेवीस!" जळगावला फॉर्म बघून सर खुर्चीतून उठलेच. "आणि लोक म्हणतात संयुक्त कुटुंब संपलं! रविवारी मी स्वतः येतो बघायला."

दिपमालानं कळवायला म्हणून बेबाबाईंना फोन लावला.

"या नं माय, खुशाल या. आम्ही दोघंच तं असतो घरी."

"दोघंच?"

"मी आन् आबा. पोरगा पुण्याले."

"अहो, मग ते तेवीस?"

"गल्ली होती माय ती! बिबड्या काय एकली बाई करते? आदल्या दिशी प्रमिलाच्या झाल्या, त्या दिशी माह्या."

"पण त्या जाऊ म्हणाल्या!"

"मंग? गावच्या नात्यानं जाऊच हाये."

खरं सांगायला ती तीनदा सरांच्या केबिनमध्ये गेली आणि तिन्ही वेळा सरच बोलत राहिले. शेवटी रविवार उजाडला.

दोन माणसांच्या घरी मोठे सर येणार म्हटल्यावर गल्ली काय घरी बसते? पुन्हा तीन दगड मांडले, वरण-बट्टीचा बेत झाला आणि अंगण भरून गेलं. ते बघून सरांचे डोळे पाणावले. दिपमाला मात्र घाईनं पुढे सरकली. "सर, मला जरा..."

"थांब. बेबाबाई, तुमच्या कुटुंबात किती माणसं?"

"दोन."

सरांच्या हातातली बट्टी हातातच राहिली. बेबाबाईंनी गल्लीचा सगळा हिशोब समजावून सांगितला. सरांनी ताटावरून मान वळवून दिपमालाकडे असं पाहिलं, की तिला आपलं वर्ष गेलेलं स्पष्ट दिसलं.

"प्रबंध रद्द—" सरांनी सुरुवात केली.

"तुमच्या घरी किती जण, सर?" बेबाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांना पाहुण्यांना बिबड्या बांधून द्यायच्या होत्या.

"अकरा. तिघं भाऊ, एकत्र आहोत आम्ही," सरांचा आवाज जरा वर गेला.

"वा! भाग्याचं घर. मंग तयणार कोणती जाऊ? तिच्या नावानं देते."

"तशी... ज्याची ती तळेल."

"एका गॅसवर, एकीच्या मांगून एक?"

"नाही, म्हणजे... तीन मजले आहेत ना."

"मंग गॅस किती?"

सरांनी वरणात बट्टी कुस्करायला घेतली, पुन्हा कुस्करली.

"तीन," ते म्हणाले.

"अस्सं," म्हणून बेबाबाई आत गेल्या. त्यांना व्याख्या कुठे ठाऊक होती! दिपमाला मात्र ताटातच बघत राहिली. वर बघितलं असतं तर हसू आलं असतं, आणि मग वर्ष खरंच गेलं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीनं भुसावळ गाठलं. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिपमाला, विसावा फॉर्म काढून टाक."

"हो सर."

"आणि... पहिलाही."

"मग अठराच राहतात, सर. तुम्ही वीस म्हणाला होतात."

"अठरा पुष्कळ झाले."

सरांच्या मांडीवर बिबड्यांच्या पुड्या होत्या. बेबाबाईंनी तीन वेगवेगळ्या बांधल्या होत्या, आणि जावाजावांत कुरकुर नको म्हणून तिन्हींत सारख्या मोजून घातल्या होत्या.